गळ्यात पास असलेले चिरंजीव

कुठल्याही संगीत महोत्सवात आयोजकांपेक्षा जास्त घाईत असलेली एक व्यक्ती दिसते. वय सोळा-सतरा, मिसरूड नुकतीच फुटलेली, पाठीला स्वतःच्या वजनाशी स्पर्धा करणारी सॅक आणि अंगात काळा टी-शर्ट. फोटोग्राफरने काळेच घालावे असे त्याने कुठेतरी ऐकलेले असते आणि गंमत म्हणजे ते खरे असते. पांढरा शर्ट मंचावरचा उजेड पकडतो आणि मागे बसलेल्यांच्या डोळ्यांत खुपतो. गळ्यात पास. कॅमेऱ्याचा पट्टा आणि पासची दोरी यांचा गुंता झालाच, तर आधी पास सोडवला जातो. छापील बाजू पुढे राहावी अशी त्याची फार इच्छा असते, पण पास दर मिनिटाला पाठ फिरवतो, त्यामुळे चिरंजीवांचा एक हात कायम छातीशी असतो. (चिरंजीव म्हणायचे कारण त्यांची समाजात अजून तेवढीच ओळख आहे: ‘अमक्यांचे चिरंजीव, हल्ली फोटोबिटो काढतात.’) कुणाच्या आड येऊ नये म्हणून ते वाकून चालतात, आणि इतके वाकतात की गायकाला सोडून सगळे त्यांच्याकडेच पाहू लागतात. या प्राण्याबद्दल जाणकारांचे मत ठरलेले आहे. याला गाण्यातले काही कळत नाही, हा फक्त मिरवायला येतो. मला यातला अर्धाच भाग मान्य आहे. मिरवायला तो येतोच. पण त्या मंडपात जे काही ऐकले जाते, त्यातले सर्वांत सावध ऐकणे त्याच्याकडून घडते, असे माझे म्हणणे आहे. पहिल्या रांगेतल्या सन्माननीय निमंत्रितांना हे झोंबेल. त्यांच्यापैकी बरेच जण विलंबित सुरू असताना डोळे मिटून बसलेले असतात, आणि ती तंद्री की डुलकी हे घोरणे कानावर येईपर्यंत ठरवता येत नाही.

या ऐकण्याची सुरुवात संगीताच्या ओढीने झाली, असे म्हणणे मात्र खोटे होईल. ती प्रवेशाच्या ओढीने होते. सोळाव्या वर्षी माणसाला मंचाजवळ जायचे असते आणि तिकडे जाणारे रस्ते मोजके असतात. गाता यायला हवे, वाजवता यायला हवे, नाहीतर सख्खे काका आयोजक हवेत. मित्रांचा बँड निघतो तेव्हा गिटार दोघांनी आधीच पटकावलेली असते, ड्रम ज्याच्या घरी आहेत तो आपोआप ड्रमर होतो, आणि ज्याच्या घरी कोकणच्या सहलीसाठी घेतलेला कॅमेरा कपाटात पडून आहे तो फोटोग्राफर होतो. पुण्या-मुंबईत असे बँड जिथे नियमित वाजवतात त्या जागा बहुतेक करून बार असतात. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आणि त्याहून कडक पेयांसाठी २५ वर्षांची. चिरंजीवांना आत जाऊन फार तर लिंबू सरबत प्यायचे असते, पण दारावरचा धिप्पाड माणूस त्यांची मिसरूड न्याहाळतो आणि मान हलवतो. मग उरतात कॉलेजांचे महोत्सव, गणेश मंडळांचे ऑर्केस्ट्रा, ढोल-ताशा पथकांचे सराव आणि दिवाळी पहाट. यांतली दिवाळी पहाट सगळ्यांत सोयीची, कारण पहाटे साडेपाचला फुकट हजर होणारा दुसरा फोटोग्राफर आयोजकाला मिळत नाही. एरवी दहा वाजता हाका मारून उठणारा हा मुलगा त्या दिवशी सगळ्यांच्या आधी अभ्यंगस्नान करून तयार असतो, ही गोष्ट आईच्या नजरेतून सुटत नाही.

मोठ्या महोत्सवांसाठी मात्र मेल लिहावा लागतो. एनएच-सेव्हन वीकेंडर २०१० मध्ये पुण्यात सुरू झाला, पवईच्या आयआयटीत दर डिसेंबरला मूड इंडिगो भरतो. अशा ठिकाणी पिटमध्ये, म्हणजे मंच आणि कठडा यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत उभे राहायचा पास मिळावा, ही या जातीची सर्वोच्च महत्त्वाकांक्षा. मेलमध्ये चिरंजीव स्वतःचा उल्लेख ‘आम्ही’ असा करतात. ‘आमची टीम’, ‘आमचा आजवरचा अनुभव’. टीममध्ये ते स्वतः आणि बॅग सांभाळायला येणारा एक मित्र, एवढेच असतात, आणि तो मित्रही दहावीच्या क्लासची वेळ सांभाळून येतो. सोबत आजवरच्या कामाचे नमुने जोडायचे असतात. म्हणून चुलत बहिणीच्या भरतनाट्यमच्या परीक्षेचे फोटो ‘परफॉर्मिंग आर्ट्स’ या सदरात जातात. प्रत्येक फोटोवर कोपऱ्यात स्वतःचे नाव असते आणि ते कलाकाराच्या चेहऱ्याहून किंचित मोठे असते.

यानंतर जे होते तिथून माझा मुद्दा सुरू होतो. डोळ्यांना लखलखीत दिसणारा मंच कॅमेऱ्याला अंधारकोठडी वाटतो. सहलीच्या कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स पूर्ण झूम केली की तिचे छिद्र ५.६ या आकड्याच्या पलीकडे उघडत नाही. त्या मानाने १.८ पर्यंत उघडणारी पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते. ही लेन्स त्यातल्या त्यात स्वस्त असते, भाड्यानेही मिळते, फक्त भाड्याच्या दुकानात अनामत रक्कम आणि वडिलांचे आधार कार्ड ठेवावे लागते. तिला झूम नाही, म्हणून जवळ-दूर स्वतःच्या पायांनी करावे लागते. ते वाकून चालणे तिथून आले. एवढे करूनही एलईडी दिव्यांचा जांभळा झोत गायकाच्या चेहऱ्यावर पडला की नाक, गाल, कपाळ यांचा एकच जांभळा गोळा होतो आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरने उलगडत नाही. असा फोटो मग कृष्णधवल केला जातो आणि त्याखाली ‘मूड’ असे लिहिले जाते. मैफलींचे जेवढे कृष्णधवल फोटो आपण आदराने पाहतो, त्यांतल्या कितींमागे कलादृष्टी आहे आणि कितींमागे जांभळा दिवा, याचा हिशेब कुणी मांडत नाही तेच बरे.

पण उजेडाचा प्रश्न पैशाने सुटतो. वेळेचा सुटत नाही. तिथे कान लागतात. साधे गणित आहे. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांच्या गतीने चालला, तर एक मात्रा पाव सेकंदाची झाली. डोळ्यांनी काही पाहून बोट हलवायलाही माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे तबलजीचा हात समेवर पडला हे पाहून ज्याने बटण दाबले, त्याच्या फोटोत दुसरी मात्रा येते. सम येते ती फक्त त्याच्या फोटोत, ज्याने ती येण्यापूर्वी बोट हलवले. तिहाईचा पहिला तुकडा कानावर पडताच त्याला कळायला हवे की आता हे आणखी दोनदा होणार आणि त्यानंतर गायिकेचा हात वर जाऊन तबलजीशी नजरानजर होणार. विलंबित एकतालात हिशेब उलटा. तिथे एक आवर्तन जवळपास मिनिटभर चालते, समेची वाट पाहताना खांदा भरून येतो, आणि नेमका हात खाली घेतला की मुखडा येतो. म्हणून हा पोरगा पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांत समेनंतरच्या रिकाम्या चेहऱ्यांचे शेकडो फोटो घरी आणतो आणि मग केव्हातरी, कुणी न शिकवता, मांडीवर बोटे आपटू लागतो. ताल मोजणाऱ्या माणसाला आपण श्रोता म्हणतो. याने केवळ हातातल्या यंत्राच्या गरजेपोटी मोजले म्हणून ते ऐकणे कमअस्सल ठरवायचे असेल, तर संगीतकार होण्यापूर्वी मारून-मुटकून क्लासला बसवलेल्या निम्म्या गवयांनाही बाद करावे लागेल.

यावर कॅमेऱ्याचे जाणकार म्हणतील, बटण दाबून धरा, सेकंदाला वीस फोटो निघतात, त्यातला एक समेचा निघेलच. निघेल, पण त्या कॅमेऱ्याच्या किमतीत दुचाकी येते. चिरंजीवांचा कॅमेरा सेकंदाला तीन, फार तर पाच फोटो काढतो. दोन फोटोंच्या मध्ये पाव ते पाऊण मात्रा नव्हे, कधी कधी अख्खी मात्रा मावते आणि सम त्या फटीतून निसटून जाते. शिवाय प्रत्येक फोटोला कॅमेऱ्यातला आरसा खडखडतो. रॉकच्या मैफलीत तो कुणाला ऐकू जात नाही. ख्यालाच्या मैफलीत तानपुऱ्यावर पहिला षड्ज लागताना तो खडखडाट झाला, तर तिसऱ्या रांगेतले एक काका मागे वळून असे पाहतात, की मुलगा पुढची दहा मिनिटे कॅमेरा मांडीवर ठेवून बसतो. ती दहा मिनिटे त्याला नाइलाजाने नुसते गाणेच ऐकावे लागते. आलापीत फोटो काढायचे नाहीत, द्रुतात काढायचे, टाळ्यांच्या आड काढायचे, तबल्याच्या लग्गीत आवाज लपवायचा, हे सगळे नियम तो पाळतो ते संस्कारामुळे नव्हे, काकांमुळे. परिणाम मात्र असा होतो, की कुठे शांतता आहे आणि कुठे नाही याचा नकाशा मंडपात त्याच्याइतका कुणाच्याच डोक्यात पक्का नसतो. उलट, मोबाइल उंच धरून अख्खा द्रुत रेकॉर्ड करणारे पाहुणे त्या वेळी पडद्यावर गायिका चौकटीत आहे ना एवढेच बघत असतात. मैफलीत व्यत्यय आणतात म्हणून कुणाला बाहेर काढायचेच, तर सुरुवात कुठून करावी, हा विचार आयोजकांनी करायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ताल कळला म्हणजे गाणे कळले का? राग? इथे मी माघार घेतो, पण थोडीच. राग त्याला कळत नाही. मारवा आणि पुरिया यांतला फरक विचारला, तर तो एकाएकी कॅमेऱ्याची सेटिंग तपासू लागतो. अर्थात या दोन्ही रागांचे स्वर एकच असल्यामुळे हाच प्रश्न पहिल्या रांगेत विचारला, तर तिथेही बऱ्याच जणांना नेमका तेव्हाच खोकला येईल. मींड त्याच्या हाती लागत नाही, कारण मींड फोटोत येत नाही. एखादी हळुवार जागा तो पार ऐकत नाही, कारण त्या वेळी तो तंबोऱ्याच्या भोपळ्याआड गेलेला गायकाचा कान चौकटीत कसा आणायचा या विवंचनेत असतो. पण दुसऱ्या एका विद्येत तो पारंगत होतो आणि ती गाण्याच्या फार जवळची आहे: गाणे शरीरात कुठे घडते ते त्याला दिसते. आकारात तान घेणाऱ्या गायकाचा फोटो काढला तर अक्कलदाढेपर्यंतचे सर्व दात येतात, हे त्याला पहिल्याच दिवशी उमगते. मग कळते की माइक ओठांवर येतो, तो टाळायला समोरून न काढता बाजूने काढायचा. आणि मग सर्वांत महत्त्वाचे कळते, ते असे की कुठल्याही गवयाला स्वतःचा गातानाचा फोटो नको असतो, नुकतेच गाऊन झाल्याचा हवा असतो. तान संपून श्वास परत घेण्याआधी जो अर्धा क्षण असतो, तोंड मिटलेले आणि चेहऱ्यावर ‘जमले’ असा भाव, तो फोटो. तो मिळवायला तानेचा शेवट आधी ओळखावा लागतो. मी पुन्हा त्याच जागी आलो, आणि मुद्दाम आलो.

पाश्चात्त्य मैफलीत फोटोग्राफरांसाठी एक जागतिक नियम आहे. पहिली तीन गाणी, फ्लॅश बंद, मग पिटमधून बाहेर. त्यामुळे तिथे शिकाऊ उमेदवाराचे सगळे शिक्षण दहा-बारा मिनिटांत उरकते. हा नियम आपल्याकडे तसाच आणला, तर काय होईल याची कल्पना करून पाहावी. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात एखाद्या गवयाची पहिली तीन ‘गाणी’ म्हणजे बडा ख्याल, छोटा ख्याल आणि शेवटची भैरवी. एवढ्यात मैफल संपते आणि फोटोग्राफरला बाहेर काढायला रखवालदारही उरत नाही. मला तर वाटते, मराठी मुलाला या बाबतीत जगातल्या कुठल्याही फोटोग्राफरपेक्षा लांबलचक शाळा मिळते. फक्त तिथे तीनदा चहा लागतो.

आता वयाबद्दल. हे सगळे, शिक्षण संपवून, पंचविशीत, रीतसर करता येणार नाही का? येईल, पण इतिहास दुसरीकडे बोट दाखवतो. अमेरिकेत ग्लेन फ्रीडमनचा पहिला फोटो १९७६ मध्ये एका स्केटबोर्डच्या मासिकात छापला गेला, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. पुढे पंक आणि हिप-हॉपचा आरंभीचा काळ आपण ज्या फोटोंतून ओळखतो, त्यांतले कितीतरी त्याचे. नील प्रेस्टन न्यूयॉर्कमध्ये शाळेत असतानाच मैफलींचे फोटो काढू लागला आणि लेड झेपलिन या बँडच्या दौऱ्यांवर त्यांचा फोटोग्राफर म्हणून गेला. या मुलांकडे थोरांपेक्षा चांगली यंत्रे नव्हती. त्यांच्याकडे थोरांना न परवडणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे त्यांना कुणी मोजत नव्हते. प्रौढ फोटोग्राफर आला की कलाकार केस सावरतो. सोळा वर्षांच्या पोराकडे पाहून कुणी केस सावरत नाही. ग्रीनरूममध्ये त्याला कुणीतरी पाण्याची बाटली आणायला सांगते आणि तो बाटलीसोबत तानपुरा लावण्याचा फोटो घेऊन परततो. शिवाय त्याला चुका परवडतात. पेनी स्मिथ ही काही शाळकरी मुलगी नव्हती, नावाजलेली फोटोग्राफर होती, पण १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या मंचावर क्लॅश या बँडचा पॉल सायमनन आपली बेस गिटार आपटून फोडत असताना तिने काढलेला फोटो धूसर आला, म्हणून तो छापू नये असे तिचे मत होते. बँडने ऐकले नाही. ‘लंडन कॉलिंग’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर तो आला आणि २००२ मध्ये एका ब्रिटिश मासिकाने त्याला रॉक अँड रोलचा सर्वोत्तम फोटो ठरवले. ही कथा प्रत्येक चिरंजीवाला पाठ असते आणि आपले सगळेच धूसर फोटो तो याच न्यायाने पोस्ट करतो. त्यातला फरक त्याला समजावून सांगू नये. स्मिथने क्षण पकडला होता, नेमकेपणा तेवढा सुटला. याचे दोन्ही सुटलेले असते. पण ते त्याचे त्याला दोनेक वर्षांत कळते.

पैशाचा आक्षेप सर्वांत खरा. ‘क्रेडिट देऊ’ हे या क्षेत्रातले चलन आहे आणि त्यावर वडापाव मिळत नाही. कोवळ्या पोरांना राबवून आयोजक फुकट फोटो मिळवतात हे मी नाकारत नाही. मात्र कायद्याने इथे एक विनोद करून ठेवला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळे काही ठरले नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. मोबदला दिलाच नसेल, तर हक्क काढणाऱ्याचाच राहतो, त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे. म्हणजे ज्या आयोजकाने दोन हजार रुपये वाचवले, त्याने चिरंजीवांच्या नातवंडांची सोय करून ठेवली. (पास म्हणजे मोबदला धरायचा का, यावर दोन वकील सहज पाच तारखा काढतील.) बरे, हक्क लिहून घ्यावेत तर तीही पंचाईत. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य, हे १८७२ च्या करार कायद्याच्या आधारे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच सांगून ठेवले आहे. चिरंजीव इंग्रजीतला दोन पानी अर्ज न वाचता मोठ्या ऐटीत सही करतात, सहीखाली रेघ ओढून दोन ठिपके देतात, आणि त्या सहीचा कायद्याला काडीइतका उपयोग नसतो. आयोजकाला हे ठाऊक नसते आणि त्यांनाही नसते, त्यामुळे व्यवहार सुरळीत चालतो.

या सगळ्यात मुली कमी दिसतात. त्याचे कारण गळा, कान किंवा कॅमेरा यांत शोधू नये. दहाला लाउडस्पीकर बंद होतो तेव्हा बाहेर स्कूटरवर वाट पाहणारे वडील पाहिले की कारण समजते. पिटमध्ये धक्के खाणे हा मुलाच्या बाबतीत अनुभव ठरतो आणि मुलीच्या बाबतीत घरात चर्चेचा विषय. तरी ज्या येतात त्या कोपर मारून पुढे येतात आणि साउंडवाल्याशी दोस्ती करून मंचामागची जागा मिळवतात, जी चिरंजीवांना सुचलेलीही नसते.

नातेवाइकांचा मात्र एकच प्रश्न असतो. ‘लग्नाचे काढतोस का?’ सोळाव्या वर्षी या प्रश्नावर चिरंजीवांच्या चेहऱ्यावर जो तुच्छतेचा भाव येतो, तो कुणीतरी टिपून ठेवायला हवा. अठरा-एकोणीसच्या सुमारास लेन्सचा हप्ता सुरू होतो, तुळशीचे लग्न लागून माणसांची सुरू होतात, आणि नेमका तोच संगीत महोत्सवांचाही हंगाम असल्यामुळे काळा टी-शर्ट दुपारी कार्यालयात आणि संध्याकाळी मंडपात दिसू लागतो. कार्यालयात ड्रोन घेऊन आलेली अनुभवी मंडळी असतात. शेवटचे मंगलाष्टक सुरू होते, भटजी श्वास घेतात, आणि ‘सावधान’चा लांबलेला सूर आता कुठे तुटणार हे ओळखून आपला हा पोरगा त्याआधी बोट दाबतो. त्याच्या फोटोत अंतरपाट अर्धा खाली आलेला, अक्षता हवेत आणि नवरीची नजर नुकती वर गेलेली. बाकीच्यांच्या फोटोत अंतरपाटाची घडी झालेली असते आणि अक्षता नवरदेवाच्या कानात. नवरीचे मामा त्याला बाजूला घेतात, फोटो फार छान आला म्हणतात, आणि अल्बमची पाने वाढवली तर पेन ड्राइव्ह फुकट मिळेल का, असे विचारतात.